अधिवेशनातली संध्याकाळ कोणाची?

(निरनिराळ्या व्यवसायांतल्या स्त्रियांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत, आर्किटेक्ट आहेत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत, कॉलेजात शिकवणाऱ्या आहेत. आपापल्या व्यवसायाच्या संघटनेचं सभासदत्व बहुतेकींनी घेतलेलं आहे. वर्षातून एकदा त्या संघटनेचं अधिवेशन भरतं. तीन दिवसांचं, कधी पुण्याला, कधी गोव्याला, कधी जयपूरला. तिथे कोणी काय वाचलं, कोणाचा निबंध चांगला झाला, यावर आपण पुष्कळ बोलतो. मला आज बोलायचं आहे ते तिथल्या संध्याकाळींबद्दल. म्हणजे स्वागतसमारंभ, मेजवानी, गाण्याचा कार्यक्रम, आणि ते संपल्यावर हॉटेलातल्या कोणाच्या तरी खोलीत रात्री उशिरापर्यंत चालणारी बैठक.

काही जणी मनात म्हणतील, रेशन, पाणी, मजुरी, मारहाण एवढे प्रश्न समोर असताना हिला मेजवानीचं काय सुचतंय? प्रश्न रास्त आहे. पण चळवळीनं आपल्याला एक गोष्ट शिकवली आहे. जिथे जिथे 'ही खाजगी बाब आहे, त्यात पडू नका' असं सांगितलं जातं, तिथे हटकून सत्ता दडलेली असते. नवऱ्याने बायकोला मारणं ही घरची बाब होती. ती तशी नाही, हे म्हणायला आपल्याला किती वर्षं लागली! अधिवेशनाची संध्याकाळ हीसुद्धा अशीच 'खाजगी' म्हणून सोडून दिलेली जागा आहे. दिवसाचा कार्यक्रम छापलेला असतो. त्यात अध्यक्ष असतो, घंटा असते, प्रश्न विचारायचा हक्क असतो. संध्याकाळला यातलं काहीच नसतं. आणि वाटप होतं ते संध्याकाळी.

कसलं वाटप? पुढच्या वर्षी व्याख्यानाला कोणाला बोलवायचं, विद्यापीठाच्या परीक्षक मंडळावर कोणाचं नाव सुचवायचं, कार्यकारिणीत कोणाला घ्यायचं, नव्या रुग्णालयात कोणती जागा निघणार आहे, कोणी कोणाकडे रुग्ण पाठवायचे, कोणी कोणाला ब्रीफ द्यायचं. यातलं काहीही त्या रात्री 'ठरत' नाही. नुसतं बोललं जातं. पण महिन्याभराने कार्यकारिणीची सभा भरते तेव्हा नाव तयार असतं. तुमचं का नाही, असं विचारलं तर खरं उत्तर मिळतं: 'अहो, तुमचं नाव डोळ्यांसमोर आलं नाही.' बरोबरच आहे. डोळ्यांसमोर यायची जागा होती तिथे आपण नव्हतो.

याला हल्ली 'नेटवर्किंग' म्हणतात. आपल्याकडे त्याला ओळखीपाळखी म्हणत, ऊठबस म्हणत, आणि जरा कडवट होऊन वशिला म्हणत. पण वशिला म्हटलं की वाटतं, कोणी तरी मुद्दाम लबाडी करतंय. तसं बहुतेक वेळा नसतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन या गावी एक अभ्यास केला होता. नोकरी बदललेल्या, शिकलेल्या, व्यावसायिक लोकांना त्याने विचारलं की जागेची बातमी तुम्हांला कळली कशी? निम्म्याहून अधिक जणांना ती जाहिरातीतून कळलेली नव्हती, ओळखीतून कळली होती. आणि ती ओळख कसली? ज्यांना ओळखीतून बातमी मिळाली त्यांच्यापैकी सुमारे १७ टक्केच लोक त्या माणसाला वरचेवर भेटत होते. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होई. म्हणजे कामाला आली ती जिवाभावाची मैत्री नव्हे, वर्षा-दोन वर्षांनी कुठे तरी हातात बशी घेऊन केलेल्या दहा मिनिटांच्या गप्पा कामाला आल्या. त्याचा १९७३ सालचा निबंध याच गोष्टीवर आहे. आता त्यातली एक बाब ऐका. ज्या २८२ लोकांचा त्याने अभ्यास केला ते सगळे पुरुष होते. ज्यांच्या हातात बशीच आली नाही, त्यांचं काय झालं हे त्या आकड्यांत नाहीच.

ही बशी बायकांच्या हाती येऊ न देण्याचा इतिहास जुना आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी जुळलेला आहे. रेचल बॉडली हे नाव तुम्ही वाचलं असेल. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या तेव्हा तिथल्या डीन या बॉडलीबाई. पंडिता रमाबाईंच्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या १८८७ च्या पुस्तकाला प्रस्तावनाही त्यांचीच. पण बाई मूळच्या रसायनशास्त्राच्या. १८७४ साली प्रिस्टलीने लावलेल्या ऑक्सिजनच्या शोधाला शंभर वर्षं होत होती. अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यानिमित्त एकत्र यावं अशी कल्पना निघाली, तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्दंबरलंड गावी, जिथे प्रिस्टलीची कबर आहे तिथे जमावं, असं बॉडलीबाईंनी सुचवलं. त्या मेळाव्यातून दोन वर्षांनी अमेरिकन केमिकल सोसायटी निघाली. बॉडलीबाई तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक.

आणि १८८० च्या ऑगस्टमध्ये या सोसायटीच्या सभासदांनी बोस्टनला एक मेजवानी केली. तिचं नाव त्यांनी स्वतःच ठेवलं होतं 'मिसॉजिनिस्ट डिनर', म्हणजे स्त्रीद्वेष्ट्यांची मेजवानी! तिथे बायकांची टवाळी करणारी गाणी झाली, भाषणं झाली, आणि ती सगळी हौसेनं छापूनही काढली. ज्या बाईने कुठे जमायचं ते सुचवलं, तिला सहा वर्षांत कळवलं गेलं की जेवायला तू नकोस. यासाठी घटनेत दुरुस्ती करावी लागली नाही, की सभासदांच्या यादीतून कोणाचं नाव खोडावं लागलं नाही. जेवणाच्या टेबलावरून निरोप पोचला.

दुसरं उदाहरण वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबचं. मोठमोठे नेते, परदेशी पाहुणे तिथे दुपारच्या जेवणाला येत आणि भाषण करीत. ते भाषण हीच दुसऱ्या दिवशीची बातमी. बायका पत्रकार असल्या तरी त्यांना आत प्रवेश नव्हता. आरडाओरड झाली तेव्हा १९५५ साली त्यांना सज्जात जागा दिली. वर दाटीवाटीनं उभं राहायचं आणि ऐकायचं. खाली बसलेले पुरुष जेवणार, ओळखी करणार, प्रश्न विचारणार. वरच्या बायकांना जेवणही नाही आणि प्रश्नही नाही. क्लबचं सभासदत्व स्त्रियांना १९७१ साली मिळालं. म्हणजे सोळा वर्षं 'आम्ही बायकांना येऊ देतो की!' असं म्हणायची सोय झाली.

परदेशातलीच उदाहरणं कशाला? १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर घेतलं. पुढे ॲना मणी रामन यांच्याच प्रयोगशाळेत काम करू लागल्या. मुलामुलींनी एकमेकांशी बोललेलं रामन यांना खपत नसे. आभा सूर यांनी या प्रयोगशाळेतल्या स्त्रियांवर जे लिहिलं आहे त्यात हे स्पष्ट दिसतं. काम करायला मिळालं, उपकरणं मिळाली, पण बरोबरीच्या संशोधकांशी वाद घालणं, गप्पा मारणं, त्यातून शिकणं हे फारसं मिळालं नाही. विज्ञान नुसतं टेबलावर होत नाही. ते चहाच्या कपाशीही होतं. ॲना मणींनी हवामानशास्त्रात मोठं काम केलं, ते हा तोटा सोसून केलं.

आता आजच्याकडे येऊ. सज्जा आता नाही. बायकांना बंदी कुठेच नाही. मग संध्याकाळी आपण दिसत का नाही? मी पॅथॉलॉजिस्ट आहे, वीसेक अधिवेशनं पाहिली आहेत, तेव्हा जे दिसलं ते सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. मेजवानी आठला छापलेली असते. साडेनऊपर्यंत फक्त पेयं आणि चखणा. जेवण दहानंतर. खरी बोलणी अकराला सुरू होतात. ज्या बाईचं मूल खोलीत आजीजवळ झोपलंय, किंवा जी घरी दिवसातून चार फोन करून मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंचं औषध सांभाळते आहे, ती साडेनऊला उठते. आणि लग्न न झालेली असेल तर? ती अकराला तिथे दिसली म्हणून दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिच्याबद्दल बोललं जातं. उठून गेली तर 'मिसळत नाही', बसली तर 'जरा जास्तच मिसळते'.

दुसरी गोष्ट ओळखीची. नोंदणीच्या टेबलावर एकदा मला विचारलं गेलं, 'सरांचं नाव काय?' मी म्हटलं, सर घरी आहेत, निबंध मी वाचणार आहे. तरी हातात पिशवी आली ती सोबत्यांची! 'अकम्पनिंग पर्सन' हा शब्द डॉक्टरांच्या अधिवेशनांत सर्रास असतो. त्याची वेगळी फी असते, वेगळा कार्यक्रम असतो: मेंदी, साड्यांचं प्रदर्शन, शहरदर्शन. सोबत आलेली व्यक्ती म्हणजे बायको, आणि बायको म्हणजे साडी, हे आधीच ठरलेलं. एखादीचा नवरा सोबती म्हणून आला तर त्याने काय करावं, मेंदी काढावी?

तिसरी गोष्ट पैशाची आणि भाषेची. मोठ्या शहरातली, मोठ्या रुग्णालयातली, इंग्रजी सहज बोलणारी, वडिलांपासून त्याच व्यवसायात असलेली बाई संध्याकाळी निदान चार लोकांना ओळखते. तालुक्याच्या गावाहून आलेली, घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी कोणालाच ओळखत नाही. अधिवेशनाच्या हॉटेलातली खोली तिला परवडत नाही, म्हणून ती स्टेशनजवळच्या लॉजवर उतरते. रात्री एकटीने रिक्षा करून परत जायचं म्हणून ती जेवण सोडून निघते. आडनाव ऐकून गप्पांचा सूर बदलतो, हेही दलित मैत्रिणींकडून मी ऐकलेलं आहे. तेव्हा 'स्त्रियांना जागा हवी' म्हणताना कोणत्या स्त्रियांना, हे विचारावंच लागेल.

चौथी गोष्ट आपण बघतही नाही. दारात पैठणी नेसून, गुलाबाचं फूल आणि अत्तर देत उभ्या केलेल्या मुली, मंचावर पुष्पगुच्छाचं ताट धरणाऱ्या मुली, आणि मागे रात्री एकपर्यंत भांडी घासणाऱ्या बाया. अधिवेशनाच्या संध्याकाळी सर्वांत जास्त बायका असतात त्या या. त्यांच्याशी कोण कसं वागतं, त्या घरी कशा जातात, याची जबाबदारी कार्यक्रम घेणारी कंपनी संघटनेवर ढकलते आणि संघटना कंपनीवर.

इथून मी धोक्याच्या विषयाकडे येते. सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिकेत लास व्हेगासच्या हिल्टन हॉटेलात टेलहूक असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन भरलं. ही नौदलाच्या वैमानिकांची संघटना. दिवसा चर्चासत्रं झाली. रात्री तिसऱ्या मजल्यावर खोल्याखोल्यांतून दारूच्या पार्ट्या, आणि मधल्या बोळात दोन्ही बाजूंना उभे राहिलेले पुरुष. तिथून जाणाऱ्या बायकांची अंगझट करत, कपडे ओढत त्यांना पुढे ढकललं जात होतं. त्यांत अधिकारी असलेल्या स्त्रियाही होत्या. पॉला कॉफलिन या नौदलातल्या लेफ्टनंटने तक्रार केली आणि ती दबली जातेय असं दिसल्यावर जाहीरपणे बोलली. संरक्षण खात्याच्या चौकशीत ८३ स्त्रिया आणि ७ पुरुषांवर हल्ले झाल्याचं निघालं. नौदलमंत्र्याला १९९२ मध्ये राजीनामा द्यावा लागला. पण लष्करी न्यायालयात एकालाही शिक्षा झाली नाही. अधिवेशन 'व्यावसायिक' होतं आणि रात्र 'खाजगी' होती, या फटीतून सगळे निसटले.

ही फट आपल्याकडेही आहे, म्हणून कायदा नीट समजून घ्या. १९९७ च्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, २०१३ साली, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. त्यात कामाचं ठिकाण म्हणजे फक्त ऑफिस नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेली वाहतूकही त्यात येते. तेव्हा तुम्हांला तुमच्या रुग्णालयाने किंवा कॉलेजने अधिवेशनाला पाठवलं असेल, तर तिथे घडलेल्या प्रकाराची तक्रार तुम्ही आपल्या संस्थेच्या अंतर्गत समितीकडे करू शकता. छळणारा दुसऱ्या संस्थेतला असला तरी बाईच्या कामाच्या ठिकाणची समिती चौकशी करू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये दिला आहे. मुदत तीन महिन्यांची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. जिथे दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. शिवाय पोलिसांचा रस्ता आहेच. भारतीय न्याय संहितेचं ७५ वं कलम लैंगिक छळाचं आहे.

पण जिचा स्वतःचा दवाखाना आहे, स्वतःची वकिली आहे, जी कोणाची नोकर नाही, तिचं काय? संघटना तिची मालक नाही. केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये चित्रपटसंस्थांच्या बाबतीत आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बार कौन्सिलच्या बाबतीत हाच मुद्दा धरला. जिथे मालक-नोकर संबंध नाही तिथे सभासदांसाठी अशी समिती नेमण्याची सक्ती या कायद्याने होत नाही. म्हणजे ज्या व्यवसायांत बायका स्वतंत्रपणे उभ्या आहेत, तिथेच त्या उघड्यावर आहेत. कायदा बदलायची मागणी आपण करूच. पण तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. कायद्याने सक्ती केली नाही याचा अर्थ मनाई केली असा होत नाही. संघटना स्वतःच्या घटनेत नियम करू शकते.

यावर उत्तरं काय मिळतात, तीही ऐका. 'बायकांसाठी वेगळं स्नेहसंमेलन ठेवू.' ठेवा जरूर, एकमेकींना भेटणं आपल्याला हवंच आहे. पण परीक्षकांची नावं त्या संमेलनात निघणार नसतील तर तो दुसरा सज्जा झाला. 'बाई, तुम्ही लोकांची मजा घालवता.' मजा आम्हांलाही हवी आहे. गाणं ऐकायचंय, जेवायचंय, जुन्या वर्गमित्रांशी हसायचंय. आमचं म्हणणं एवढंच की आमचं पोट ज्यावर अवलंबून आहे ते मजेच्या नावाखाली ठरवू नका. आणि 'आम्ही कुठे अडवतो, या ना!' हे म्हणणाऱ्यांनी मागच्या अधिवेशनात साडेअकरा वाजता तिथे किती बायका होत्या ते आठवावं.

मग मागायचं काय? मी सात गोष्टी सुचवते. प्रत्येकीने आपल्या व्यवसायाप्रमाणे त्यात भर घालावी.

एक, व्याख्याते, परीक्षक आणि समित्यांची नावं जाहीर अर्ज मागवून ठरावीत, आणि कोणाचं नाव कोणी सुचवलं याची नोंद सभावृत्तात यावी. दोन, ओळखी व्हायच्या त्या दिवसाउजेडी व्हाव्यात. दुपारचं जेवण दीड तासाचं ठेवा आणि चिठ्ठ्या टाकून प्रत्येक टेबलावर दोन ज्येष्ठ आणि चार नवीन सभासद बसवा. याला पैसा लागत नाही. तीन, रात्रीचं जेवण आठला सुरू होऊन दहाला अधिकृत कार्यक्रम संपावा. दारूचा विभाग वेगळा असावा. चार, रात्री परत जायला गाडी असावी, आणि ती लॉजपर्यंत, एसटी स्टँडपर्यंत जावी. पाच, पाळणाघर मेजवानी संपेपर्यंत चालू राहावं, आणि ते आईसाठी नव्हे, आईबापांसाठी आहे असं पत्रकात छापावं. सहा, सोबत्यांचा कार्यक्रम सगळ्यांना खुला असावा, आणि सभासद बाईला नवऱ्याचं नाव विचारणं बंद व्हावं. सात, वागणुकीचे नियम नोंदणीच्या अर्जावरच छापावेत. तक्रार समितीत निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि एक बाहेरची व्यक्ती असावी, सभासदत्व रद्द करण्याचा अधिकार घटनेत लिहिलेला असावा, आणि ही समिती फूल देणाऱ्या मुलीची आणि भांडी घासणाऱ्या बाईची तक्रारही ऐकणारी असावी.

हे होणार कसं? आपल्या बहुतेक संघटना १८६० च्या सोसायट्यांच्या कायद्याखाली आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. म्हणजे त्यांना घटना आहे, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. ही सभा बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दुपारी ठेवतात, जेव्हा निम्मे लोक गाडी गाठायला निघालेले असतात आणि आपण घरच्यांसाठी चिक्की घ्यायला गेलेलो असतो. या वर्षी परतीचं तिकीट संध्याकाळच्या गाडीचं काढा. त्याआधी संघटनेची घटना मागवा. प्रत मागणं हा सभासदाचा हक्क आहे. ठराव द्यायची मुदत किती ते पाहा, सूचक आणि अनुमोदक ठरवा, दहा-वीस सह्या घ्या, आणि नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने ठराव पाठवा, म्हणजे मिळाला नाही असं कोणी म्हणणार नाही. सह्यांत पुरुषांनाही घ्या. दहाला घरी जायला मिळालं तर हायसं वाटेल असे पुरुष तुम्हांला वाटतात त्याहून पुष्कळ आहेत.

एकटीने हे करायला जाऊ नका. ठराव मांडणाऱ्या बाईला 'भांडकुदळ' म्हटलं जाईल, तेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीत कोणी तरी बसलेलं हवं. आज जेवणाच्या सुट्टीत व्यवसायवार बसू या आणि प्रत्येक गटाने आपल्या ठरावाचा मसुदा कागदावर उतरवू या. जेवण साडेबाराला आहे. दीड तासाचं आहे.